न चिकटणाऱ्या कागदाची बाजू

फोटोग्राफी क्लबच्या खर्चाची यादी कमिटीपुढे गेली की दरवर्षी एका वस्तूवर हमखास काट बसते. ती म्हणजे रिलीज पेपर. "बोर्ड हवा, टिश्यू हवा, फ्रेम हवी, मान्य. पण जो कागद शेवटी फोटोबरोबर राहतच नाही, त्याला पैसे कशाला?" प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. माझ्या मते तो साफ चुकीचा आहे.

ज्यांनी आपला ड्राय माउंटिंग प्रेस पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फोटो आणि बोर्ड यांच्यामध्ये गरम झाल्यावर वितळणारा गोंदाचा पातळ टिश्यू ठेवायचा आणि प्रेसमध्ये दाबायचा. तापमान साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअस, टिश्यूच्या जातीप्रमाणे. आता हा टिश्यू कडेने केसभर जरी बाहेर राहिला, तरी गोंद वरच्या गरम प्लेटला लागतो. तुमचा फोटो छान निघतो हो, पण पुढच्याच्या फोटोवर तो गोंद उमटतो! म्हणून वर एक आणि खाली एक असे सिलिकॉन लावलेले कागद घालायचे, बोर्डापेक्षा चारी बाजूंनी मोठे. सिलिकॉन एकाच बाजूला असेल तर ती बाजू फोटोकडे.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे रिलीज पेपरला मराठीत काय म्हणतात ते मला माहीत नाही. पण तो कसा चालतो हे सांगायला मराठीत तयार उपमा आहे – अळवावरचं पाणी! कारण थोडं वेगळं असलं तरी प्रकार तोच. सिलिकॉनची सरफेस एनर्जी इतकी कमी असते की गोंद त्यावर नीट पसरूच शकत नाही. पसरला नाही की चिकटत नाही.

यावर होस्टेलमधले जुगाड ठरलेले. कोणी म्हणतं वर्तमानपत्र घाला. त्याची शाई फोटोवर उतरली तर? कोणी म्हणतं मेणकागद घाला. मेण ६०-६५ अंशांच्या आसपास वितळतं आणि प्रेस त्याच्या बराच वर असतो, मग मेण जाणार कुठे? स्टिकर सोलल्यावर उरणारा गुळगुळीत कागद मात्र याच जातीचा असतो, फक्त तेवढ्या आकाराचा मिळत नाही. आणि रिलीज पेपर एकदा वापरून फेकायचा नसतो. पुसून, सपाट ठेवला तर पुन्हा पुन्हा चालतो. घडी पडली किंवा कण चिकटला की मात्र बदलायचा, कारण ती खूण ग्लॉसी फोटोवर जशीच्या तशी उठते.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण म्हणजे गॅदरिंगच्या प्रदर्शनासाठी मेसच्या भिंतीवरचे जुन्या बॅचेसचे ग्रुप फोटो प्रेसमध्ये घालून बोर्डावर चढवायचे घाटत आहे. मित्रांनो, रिलीज पेपर प्रेसला वाचवतो, शेजारच्या फोटोला वाचवतो, पण बोर्डावर बसलेल्या फोटोची सुटका तो करू शकत नाही. काही टिश्यू परत तापवले तर सुटतात, पण जुन्या फोटोला दोनदा ती उष्णता देणं म्हणजे जुगारच. त्या फोटोंच्या निगेटिव्ह आपल्याकडे नाहीत. त्यांतले काही चेहरे आज फक्त त्या भिंतीवरच आहेत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. जुने फोटो स्कॅन करा, प्रिंट काढा, आणि प्रिंट माउंट करा. मूळ फोटो लायब्ररीच्या कपाटात जाऊ द्या. आणि यादीतल्या त्या कागदावरची काट कमिटीने मागे घ्यावी. प्रेस एकट्याचा नाही, आपल्यानंतर येणाऱ्या ज्युनियर्सचाही आहे. चिकटवायला सगळेच उत्सुक असतात, काय चिकटू नये याचा विचारही कोणीतरी करायला हवा ना?

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल