टर्बो किट ‘नुसतं बसवायचं’ नसतं

संपादक महोदय,

‘रोजच्या गाडीला टर्बो’ हे तुमचा लेख म्हणतो तसं ‘शनिवार-रविवारचं काम’ नाही. किट दोन दिवसांत बसेलही. पण लेखातल्या पहिल्या पिढीच्या टोयोटा ८६ चं कॉम्प्रेशन मुळातच १२.५:१ आहे. त्यावर बूस्ट चढवला आणि ट्यूनिंग चुकलं, की नॉकिंग होऊन पिस्टनचा बळी. त्यात इथे कॅलिफोर्नियातल्या पंपांवर प्रीमियम पेट्रोलही बहुधा ९१ ऑक्टेनचंच! लेखात ट्यूनिंगला मात्र एकच ओळ.

टर्बो बसवल्यावर माझ्या ८६ चा क्लच तिसऱ्याच महिन्यात चढावर घसरू लागला. आरपीएमचा काटा वर, वेग तेवढाच. क्लचचा हा खर्च तुमच्या हिशेबात नाही.

‘कायद्याची आडकाठी नाही’ हे लेखातलं विधान तर साफ चूक. कॅलिफोर्नियात हवा संसाधन मंडळाचा मंजुरी क्रमांक किटला नसेल, तर गाडी स्मॉग तपासणीत नापास होते. गाडी जोरात पळते, एवढं मान्य.

— एक वाचक, सॅन होजे