पिशवी कोणी भरायची?

बाळ हातात येईपर्यंत त्याच्यासाठी नवं काही आणायचं नाही, असं अजून बऱ्याच घरांत मानतात. आपल्या आज्यांनी त्यातून छान वाट काढली होती. जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवायची आणि थोरल्या भावंडांची झबली धुऊन ठेवायची. नवं काही आणलं नाही, तरी तयारी चोख! शिवाय धुऊन धुऊन मऊ झालेलं ते कापड बाळाच्या अंगाला टोचत नाही.

तेव्हा तयारी करावी की नाही, हा वाद नाहीच. प्रश्न आहे तो कोणी करायची याचा. बहुतेक घरांत दवाखान्याची पिशवी गरोदर बाईच भरते. सुजलेले पाय घेऊन ती घड्या घालते, कोणत्या कप्प्यात काय ठेवलं ते लक्षात ठेवते. कळा सुरू झाल्या की मात्र ती पिशवी भलत्याच माणसाच्या हातात जाते. सिस्टर बाहेर येऊन दुपटं मागते, पॅड मागते, सोनोग्राफीचे रिपोर्ट मागते. नवरोबा अख्खी पिशवी बाकावर उलटी करतात. शेवटी दोन कळांच्या मध्ये तिलाच विचारतात, "अगं, लंगोट कुठे ठेवलेस?"

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पिशवी जो उघडणार, त्यानेच ती भरावी. तीही छत्तिसावा आठवडा लागायच्या आत, कारण डॉक्टरांनी दिलेली तारीख हा अंदाज असतो, मुहूर्त नव्हे.

सगळ्यात वर फाइल हवी. त्यात माता-बाल संरक्षण कार्ड, रक्ताचे आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट, आधार कार्ड आणि पासबुकाची झेरॉक्स. रक्तगट तर नवऱ्याला तोंडपाठच हवा. आईचा गट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला, तर अँटी-डीचं इंजेक्शन 72 तासांच्या आत द्यावं लागतं.

तिच्यासाठी समोरून उघडणारे गाऊन, मोठे पॅड, सुती आतले कपडे, चपला, कंगवा, पाण्याची बाटली. बाळासाठी दुपटी, लंगोट, टोपडं, पायमोजे. फोनचा चार्जर आणि थोडे सुटे पैसे भरणाऱ्याने स्वतःसाठी ठेवावेत.

पिशवीत काय नको, हेही तितकंच महत्त्वाचं. बाळाला चाटवायचा मध नको, घुटी नको, काजळ नको. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, तेही शक्यतो जन्मानंतर तासाभरात. त्यामुळे 'असू दे' म्हणून दुधाची पावडर आणि बाटलीही नको. पहिली अंघोळ किमान 24 तास लांबवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे साबण-पावडरचा डबाही घरीच राहू दे.

सरकारी रुग्णालयात जाणार असाल, तर जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011पासून बाळंतपण, सिझेरियन, औषधं आणि रक्त मोफत आहे. साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझेरियनमध्ये सात दिवस जेवणही मिळतं. घरून नेणं-आणणंही त्यातच येतं, तेव्हा 102 हा नंबर फोनमध्ये आधीच घालून ठेवा.

कळा सोसताना सोबत माणूस असावं, हे आरोग्य मंत्रालयाने 2016मध्ये सरकारी रुग्णालयांसाठीही मान्य केलं. प्रत्यक्षात प्रत्येक ठिकाणी आत सोडतातच असं नाही. कोणाला सोडतील, नवऱ्याला की आईला, हे तपासणीच्या दिवशीच विचारून घ्या.

पहिलं बाळंतपण माहेरी असेल, तर हे काम तिच्या आईचं किंवा भावाचं. नाहीतर नवऱ्याचंच. तेव्हा होऊ घातलेल्या बाबालोकांनो, या रविवारी कपाटावरची बॅग खाली काढा. बायकोला खुर्चीत बसवा, तिला यादी सांगू द्या आणि घड्या तुम्ही घाला.