दूरचें यंत्र आणि घरचा खेळ

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं एक लहानसा प्रयोग झाला, व त्यापासून मुलापेक्षां बापासच अधिक शिकावयास मिळालें, म्हणून तो येथें सांगण्याचें योजिलें आहे. माझा मुलगा नववींत आहे. व्हिडिओ गेमचें यंत्र घ्या, हा त्याचा हट्ट तीन वर्षांचा. आणि "पन्नास हजारांचें खेळणें शिक्षकाच्या घरांत शोभत नाहीं," हें माझें उत्तरही तितकेंच जुनें. यंदा मात्र तो म्हणाला, "बाबा, यंत्र नकोच. यंत्र त्यांचें, तें त्यांच्याकडेच राहूं द्या. आपण महिन्याची वर्गणी तेवढी भरूं."

हा काय प्रकार आहे हें पुष्कळ पालकांस ठाऊक नसेल. क्लाउड गेमिंग म्हणतात त्यांत खेळ आपल्या घरच्या यंत्रावर चालतच नाहीं. तो दूरच्या डेटा सेंटरमधील शक्तिमान संगणकावर चालतो, आणि त्याचें चित्र तेवढें चित्रपटाप्रमाणें आपल्या पडद्यावर वाहत येतें. मुलानें बटण दाबलें कीं ती खूण तिकडे जाते, तिकडे नायक उडी मारतो, आणि त्या उडीचें चित्र तितकीच वाट चालून परत येतें. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें २ लक्ष किलोमीटर धांवतो. म्हणजे १,००० किलोमीटरांवरील यंत्राकडे जाण्यायेण्यासच निदान १० मिलिसेकंद लागतात. चित्र सेकंदांत ६० वेळां बदलावयाचें असेल, तर एका चित्राच्या वांट्यास १७ मिलिसेकंदही पुरते येत नाहींत. शिवाय तें चित्र तिकडे संकुचित करणें व इकडे पुनः उलगडणें यांत वेळ जातो, तो निराळाच.

पहिल्या दिवशीं आंतल्या खोलींत वायफायवर मोटारींची शर्यत लावली. वळण निघून गेल्यावर गाडी वळूं लागे! मंडळी म्हणाल्या, "तुमच्या वर्गासारखेंच हें, पहिल्या प्रश्नाचें उत्तर दुसरा प्रश्न विचारल्यावर येतें." दुसऱ्या दिवशीं राउटरपासून टीव्हीपर्यंत तार ओढली, तेव्हां गाडी ताळ्यावर आली. बुद्धिबळासारख्या सावकाश खेळांस हा विलंब मुळींच बाधत नाहीं. खर्चाचा हिशेबही पाहावा. सेकंदास १० मेगाबिट या वेगानें तासाभरांत साडेचार जीबी डेटा जातो. ज्या घरीं मोबाइलचा रोजचा २ जीबी एवढाच आधार आहे, तेथें अर्धा तास भरण्यापूर्वींच तो संपावयाचा.

परंतु मला खरी अडचण पडली ती निराळीच. किंमत नाहींशी झाली आणि माझें उत्तरही नाहींसें झालें. मग मी नको कां म्हणत होतों? रात्रीं विचार केला तेव्हां कळून आलें कीं, माझा आक्षेप पैशाचा नव्हताच. दार लावून मुलगा काय करतो हें आपणांस कळणार नाहीं, या भीतीस मीं पैशाचा अंगरखा घातला होता. आम्हां पालकांपैकीं पुष्कळांचें असेंच असावें. महागाईनें आजवर आपल्यासाठीं जें कुंपण घातलें होतें तें आतां पडलें आहे. यापुढें नको म्हणावयाचें तर कारण सांगावें लागेल. मीं तें मुलास सांगितलें. तो रागावला नाहीं. टीव्ही बाहेरच्या खोलींतच आहे, तेथेंच खेळतों, एवढेंच म्हणाला.

मुलांसही एक गोष्ट सांगितली पाहिजे. या खेळांत आपल्या मालकीचें कांहींच नसतें. अमेरिकेंत ओनलाइव्ह नांवाची अशीच सेवा २०१० सालीं सुरू झाली व २०१५ सालीं बंद पडली. गूगलसारख्या धनाढ्य कंपनीची स्टेडिया १९ नोव्हेंबर २०१९ रोजीं निघाली आणि १८ जानेवारी २०२३ रोजीं मिटली. ती हिंदुस्थानांत आलीच नव्हती. गूगलनें विकलेल्या खेळांचे पैसे परत केले, हें प्रामाणिकपणाचें झालें; तथापि खेळून मिळविलेली प्रगति पुष्कळांस दुसरीकडे नेतां आली नाहीं. प्रकाशकाचें दुकान बुडालें तरी कपाटांतलें पुस्तक उघडतां येतें. येथें दुकानाबरोबर कपाटही जातें.

असें असूनही, विकत घेण्यापेक्षां हें भाड्यानें घेणेंच मला घरासाठीं बरें वाटतें. पन्नास हजारांचें यंत्र घरांत असतें, तर पैसे वसूल व्हावेत म्हणून आम्हींच मुलास खेळ म्हटलें असतें! सहामाही परीक्षेच्या महिन्यांत आम्हीं वर्गणी भरली नाहीं, आणि कोणाचें कांहीं अडलें नाहीं. मात्र ही वर्गणी खात्यांतून आपोआप जाऊं देऊं नये. दर महिन्यास विचारून, ठरवून भरावी.

वार्षिक परीक्षेनंतर ती पुनः भरावी कीं नाहीं, हें अद्यापि ठरावयाचें आहे. मुलगा भरावी म्हणतो. मीही, खरें सांगावयाचें तर, त्या शर्यतींत त्याला एकदां तरी हरविल्यावांचून खेळ सोडावयास फारसा राजी नाहीं.