पुस्तकातले माप

गेल्या काही महिन्यांत पाच पुस्तके सलग वाचून झाली. त्यांतील दोन पूर्वी वाचलेली होती, ती पुन्हा वाचली. एक लढ्याची कहाणी आहे, एक कादंबरी, एक वृत्तलेखांचा संग्रह, एक मुलाखतींतून उभा राहिलेला इतिहास आणि एक आत्मकथन. ही पुस्तके एका प्रकारची नाहीत आणि त्यांचे लेखकही एका मताचे नाहीत. तरीही ती एकापाठोपाठ वाचताना एक विचार मनात पक्का होत गेला. तो वाचक कॉम्रेडांपुढे ठेवावासा वाटतो.

आपल्याकडे पुस्तकावर चर्चा सुरू झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: लेखक कोणत्या बाजूचा? दुसराही ठरलेला: शेवट आशादायी आहे की निराशावादी? हे प्रश्न निरर्थक आहेत असे माझे म्हणणे नाही. परंतु तेच आधी विचारले की पुस्तक न वाचताच निकाल देण्याची सोय होते. माझा प्रश्न वेगळा आहे. या लेखकाला कष्टाचे माप ठाऊक आहे काय? किती काम करून घेतले, ते कोणाच्या मापाने मोजले आणि पदरात काय टाकले, हे ज्याला ठाऊक आहे त्याचे पुस्तक, त्याचे मत काहीही असो, आपल्या उपयोगी पडते. ज्याला ते ठाऊक नाही, त्याच्या शेवटच्या पानावर लाल पहाट उगवली तरी तिचा उजेड पडत नाही.

गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७० साली प्रसिद्ध झाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्यापैकी बहुतेकांनी ते तरुणपणी वाचलेले असते आणि त्यातील लाल बावट्याच्या सभा तेवढ्या लक्षात राहिलेल्या असतात. ते पुन्हा वाचावे असे मी आग्रहाने म्हणेन, आणि या वेळी हिशेब लक्षात घेऊन वाचावे. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू व उंबरगाव तालुक्यांत वारल्यांना जमीनदाराकडे वेठ करावी लागे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी माणूस ‘लग्नगडी’ होई आणि नवराबायको दोघेही सावकाराच्या दारी राबत राहत. मे १९४५ मध्ये झरी येथे हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही असे त्यांनी ठरविले. त्यानंतरची मागणी गवतकापणीच्या दराची होती: पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये. पाचशे पौंड हा आकडा नुसता वाचून पुढे जाऊ नये. आजच्या हिशेबात ते सव्वादोनशे किलोंहून अधिक होते, आणि ते विळ्याने कापायचे, बांधायचे, वाहायचे. हे गवत मुंबईच्या गोठ्यांना जात होते. या मागणीच्या पाठीमागे उभ्या राहिलेल्या माणसांवर १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे गोळीबार झाला आणि पाच वारली मारले गेले. स्वातंत्र्य, साम्राज्यशाही, सरंजामशाही हे सर्व शब्द त्या लढ्यात होतेच. परंतु ते शब्द जमिनीवर उतरले ते गवताच्या भाऱ्यातून, आणि लेखिकेने तो भारा नजरेआड होऊ दिलेला नाही. कायद्याची पदवी घेतलेली, पुण्याच्या सुशिक्षित घरातील ही स्त्री वारल्यांच्या झोपड्यांत राहून हा हिशेब शिकली. पुस्तकाची मर्यादाही येथेच आहे. कहाणी सांगते आहे ती संघटक. वारली बोलतो तो तिने ऐकला तेवढाच.

तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची ‘रंटिटंगळी’ ही मल्याळम कादंबरी १९४८ सालची. मी ती हिंदीतून वाचली. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कॉम्रेडांना अशी पुस्तके आपल्यापेक्षा लवकर गवसतात, ही त्यांची कमाई आहे. त्यांनी त्याविषयी अधिक लिहावयास हवे. या नावाचा अर्थच ‘दोन मापे धान’ असा आहे. कादंबरीला मजुरीचे नाव देणारा लेखक काय जाणतो हे वेगळे सांगावयास नको. कुट्टनाडमधील भातशेती समुद्रसपाटीच्याही खाली आहे. बांध घालायचे, पाणी उपसायचे, मग पेरायचे. हे सर्व करणारा कोरन हा मजूर. चिरुताशी लग्न करण्यासाठी त्याला कर्ज घ्यावे लागते आणि तो जमीनदाराचा बांधील होतो. डहाणूचा लग्नगडी आणि कुट्टनाडचा कोरन यांनी एकमेकांचे नावही ऐकलेले नसेल. युद्धकाळात जमीनदार धान काळ्या बाजारात विकतो आणि मजुराच्या हातावर पैसे ठेवतो. पैसे आहेत, पण धान कोठेच मिळत नाही. ज्याने ते पिकविले त्याच्याच घरी चूल पेटत नाही. पैशातली मजुरी ही नेहमीच पुढची पायरी, असे आपण अभ्यासवर्गात शिकवितो. या कादंबरीतील मजूर धानातच मजुरी मागतात, आणि त्यांचेच बरोबर आहे. कोरन तुरुंगात गेल्यावर चात्तन चिरुताला बहिणीसारखी सांभाळतो. हा भाग मला थोडा अतिसज्जन वाटला. परंतु धानाच्या मापाविषयी तकळी एका अक्षरानेही भाबडे होत नाहीत.

पी. साईनाथ यांचे ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ हे मूळ इंग्रजीत १९९६ साली आले. त्याविषयी फार लिहीत नाही, कारण ते अनेकांनी वाचलेले आहे. एकच लेख सुचवितो. त्या वेळी बिहारात असलेल्या आणि आता झारखंडात असलेल्या गोड्डा जिल्ह्यात सायकलीवर अडीचशे किलोपर्यंत कोळसा लादून ती ढकलीत नेणारे लोक त्यात भेटतात. बसून चालविता येणार नाही अशी ती सायकल. पत्रकार त्यांच्याबरोबर चालतो, अंतर मोजतो आणि हाती काय उरले ते विचारतो. वृत्तपत्रांत ‘गरिबी’ हा शब्द रोज छापून येतो, तो असा तोलून पाहिलेला क्वचितच असतो.

काही मित्र म्हणतात की साहित्य म्हणजे हजेरीपत्रक नव्हे. मान्य. परंतु कळवळ्याने ओथंबलेल्या कित्येक मराठी कादंबऱ्या मी वाचल्या आहेत, ज्यांचा नायक दोनशे पाने घाम गाळतो आणि तो नेमके काय काम करतो हे शेवटपर्यंत समजत नाही.

मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचा गिरणगावचा इतिहास इंग्रजीत २००४ साली आला. ‘कथा मुंबईच्या गिरणगावची’ या नावाने तो मराठीतही आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर जे गिरणगाव विखुरले, त्याची स्वतःची वाणी या पुस्तकात आहे. शाहीर, भजनी मंडळे, कामगार रंगभूमी हे सर्व त्यात येते. मला महत्त्वाच्या वाटल्या त्या खानावळवाल्या. गावी घरदार ठेवून आलेला कामगार ज्यांच्या घरी जेवे, संपात ज्या उधारीवर ताट वाढीत, त्या बायकांच्या कष्टावाचून एकही संप आठवडाभर टिकला नसता. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा’ संघटना उभी केली तेव्हा कोठे त्यांना संघटना लाभली. त्याआधीच्या अर्धशतकात त्या कोणत्या हिशेबात होत्या?

आणि धोट्याची गोष्टही येथेच आठवते. साळखात्यात धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे. म्हणून अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात, जेथे पगार अधिक होता, काम करू दिले जात नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. संपाच्या आपल्या इतिहासात ही गोष्ट पुष्कळदा एका ओळीत उरकली जाते. ती एका ओळीची नाही. एकाच गिरणीत, एकाच भोंग्यावर येणाऱ्या कामगारांच्या मजुरीचे माप जातीने वेगळे केलेले होते.

राहता राहिले बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’. ते पुस्तकरूपाने १९८६ साली आले. वीरगाव आणि फलटण येथील महारवाड्याचे हे जगणे. लेखिका लहानसे दुकान चालवीत आणि घरच्यांपासून लपवून लिहीत. यात पळून जाऊ पाहणाऱ्या सुनेच्या पायात ठोकलेला लाकडी खोडा आहे, पहाटेपूर्वी उठून थापाव्या लागणाऱ्या भाकरींच्या चवडी आहेत, बाळंतपणातील भूक आहे. येथे माझे माप अपुरे पडते. वारल्याच्या गवताला पौंड आहे, कोरनच्या धानाला माप आहे, कोळशाला किलो आहे. या सुनेच्या कामाला मोजणारा कोणीही नाही, कारण ते विकत घेणाराच कोणी नाही. मालक दूरचा नाही, तो त्याच घरात जेवतो आणि स्वतःही गावाच्या पायाखाली चिरडलेला आहे. लेखिका हे कोणत्याही सिद्धांताचा आधार न घेता सांगते, आणि आपल्याच माणसांविषयी सांगताना आवाज खाली करीत नाही. बाबासाहेबांच्या चळवळीने या वस्तीत काय बदलले हेही ती तितक्याच अभिमानाने सांगते.

अशी पुस्तके ‘दलित साहित्य’ किंवा ‘स्त्री साहित्य’ या फडताळात ठेवून आपण अभ्यासवर्गात फक्त पुस्तिका वाचीत राहणार असू, तर कामगार-शेतकऱ्यांच्या घरातील अर्धे काम आपल्या नजरेस पडणार नाही. माझी सूचना एवढीच की परुळेकर आणि बेबी कांबळे ही दोन पुस्तके एकाच बैठकीसाठी नेमावीत आणि चर्चेची सुरुवात महिला सभासदांनी करावी. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ सध्या हाती घेतले आहे. १९८९ सालच्या या पुस्तकात आंबेडकरी चळवळीतील स्त्रिया स्वतः बोलतात. त्याविषयी ते वाचून झाल्यावर लिहीन.