'पुट अप' आणि त्यामागचा 'विथ'

भारतात कोणी 'व्हेअर आर यू पुटिंग अप?' असे विचारले की 'कुठे उतरला आहात?' एवढाच अर्थ आपल्याला कळतो. ब्रिटनमध्ये हा वापर फारसा कानी पडत नाही. येथे यजमान पाहुण्याला 'पुट अप' करतो, म्हणजे आपल्या घरी ठेवून घेतो : 'दे पुट अस अप फॉर अ वीक.' मात्र त्यामागे 'विथ' आला की अर्थच फिरतो. 'आय कान्ट पुट अप विथ धिस नॉइज' म्हणजे हा गोंगाट मला सहन होत नाही.

या देशात आलो तेव्हा पहिले सहा आठवडे आम्ही वुल्व्हरहॅम्प्टनला मावशींकडे काढले. दोन बेडरूमचे घर. त्यांची माणसे पाच, आम्ही तीन. निघताना आभारपत्रात मोठ्या प्रेमाने लिहिले, 'वुई पुट अप विथ यू फॉर सिक्स वीक्स.' तुमच्याकडे उतरलो होतो, असे आम्हाला म्हणायचे होते. लिहिले गेले ते, तुम्हाला सहा आठवडे सोसले! (लिहायला हवे होते, 'थँक यू फॉर पुटिंग अस अप.')

येथेच वाढलेल्या त्यांच्या लेकीने पत्र वाचले आणि तिचा चेहरा उतरला. मावशींनी कारण विचारले, तेव्हा तिने अडखळत मराठीत अर्थ सांगितला. आम्हाला मान वर करवेना. मावशींनी चष्मा लावून ती ओळ पुन्हा वाचली आणि म्हणाल्या, "शब्द बरोबर आहे, बाळांनो. फक्त माणसं उलटी लिहिलीत."