मटने मेल स्वतः पाठवावी का?

मट हा टर्मिनलमधला जुना मेल प्रोग्राम. त्याला आधी मेल पाठवताच यायची नाही. ते काम सेंडमेल किंवा पोस्टफिक्सचं. २००७ साली १.५.१५ मध्ये एसएमटीपी आत आलं आणि बरेच जण 'सुटलो' म्हणाले.

मला विचाराल तर अर्धंच काम झालं. आमच्या येवल्यात लाईट गेली की राउटर बंद, लॅपटॉप मात्र चालू. (पैठणीचा हातमाग विजेशिवाय चालतो, नेट नाही!) अशा वेळी विणकर काकांचं कोटेशन मटमधून थेट पाठवायला गेलात तर एरर येते आणि मेल परत तुमच्या गळ्यात. पुन्हा पाठवायची आठवण तुम्हीच ठेवायची. विसरलात तर ऑर्डर गेली. पोस्टफिक्स तीच मेल डिस्कवर रांगेत ठेवतो, मशीन बंद करून चालू केलं तरी ती राहते. मूळ सेटिंगमध्ये ५ दिवस प्रयत्न करतो, नाहीच जमलं तर तसं कळवतो.

आता पोस्टफिक्स लावायचा म्हणजे रिले, पोर्ट ५८७, पासवर्ड... अख्खा रविवार जातो, हे मान्य. म्हणून काकांना मी थंडरबर्डच टाकून दिलाय. पाठवायची सोय त्याच्या आतच आहे, पण ऑफलाइन असताना मेल ठेवायला आउटबॉक्सही आहे. मटवाल्यांनी एसएमटीपी आणलं तेव्हा एवढी रांग सोबत आणायला काय हरकत होती?