डिझेलचा नाद खुळा

गडहिंग्लजमध्ये नवी गाडी दारात आली की पेढा तोंडात टाकता टाकता माणसं दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "डिझेल न्हवं?" आणि दुसरा, "अ‍ॅव्हरेज किती देतीया?" रंग, सनरूफ, टचस्क्रीन, एअरबॅग्ज वगैरे सगळं नंतर. तुम्ही "पेट्रोल" म्हणालात, तर समोरचा "असूदे, असूदे" म्हणतो. दहावीत गचकलेल्या पोराची समजूत काढतात ना, अगदी त्याच आवाजात!

या प्रेमाला इतिहास आहे, मंडळी. आमच्या भागात डिझेल इंजिन म्हणजे वडाप. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी खुलासा : वडाप म्हणजे एसटी चुकलेल्यांचा, आणि एसटी नसलेल्यांचाही, आधार. नऊ सीटच्या गाडीत अठरा माणसं, दोन कोंबड्या आणि टपावर मिरचीची पोती. त्यात ट्रॅक्सचा रुबाब वेगळा. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची (आताची फोर्स मोटर्स) ही गाडी मर्सिडीजच्या परवान्याखाली बनवलेल्या ओएम ६१६ जातीच्या इंजिनावर धावायची. त्यामुळे आजरा-गडहिंग्लज वडाप मारणारा ड्रायव्हरसुद्धा "इंजिन मर्सिडीजचं हाय, पाव्हणं" असं छाती फुगवून सांगायचा, आणि ते खोटं नव्हतं. त्या इंजिनाला लागायचं काय? डिझेल, ऑइल आणि अधूनमधून एक शिवी.

बिघडलं तरी टेन्शन नाही. मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि "तीन नंबरचा नोझल गेलाय" म्हणून सांगायचा. त्यात कोल्हापूर म्हणजे इंजिनवाल्यांचंच गाव. उद्यमनगरात पार्ट मिळणार नाही असं सहसा व्हायचं नाही. हायवेवरून येताना शिरोलीत मेनन पिस्टन्स दिसते, पुढे कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना. जिथे पिस्टन बनतात आणि फाउंड्रीत ब्लॉक ओतले जातात, तिथल्या माणसाला डिझेलची भीती कशी वाटणार?

मग १९९८ मध्ये डिझेल इंडिका आली आणि २००७ च्या जानेवारीत डिझेल स्विफ्ट. त्या स्विफ्टमधलं १२४८ सीसीचं इंजिन मूळचं फियाटचं. मारुतीसाठी ते मानेसरला बनायचं आणि फियाट-टाटासाठी आपल्या रांजणगावला. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, एर्टिगा, ब्रेझा, इंडिका व्हिस्टा, मांझा, पुंटो, लिनिया... बॉनेट वेगवेगळी, आत जीव एकच. गाड्यांवर लिहिणाऱ्यांनी त्याला 'राष्ट्रीय इंजिन' म्हणून टाकलं. २००० आरपीएमच्या खाली ते जरा सुस्त, पण टर्बो जागा झाला की तवंदी घाट सपाट वाटायचा. ऑइल वेळेवर बदललं तर दोन-तीन लाख किलोमीटर सहज. नाही बदललं तर टायमिंग चेन कुरकुरायची आणि मग बिल बघून मालक.

त्या काळी हिशेबही सोपा होता. २०१२ मध्ये पेट्रोल आणि डिझेलच्या दरात लीटरमागे तीसेक रुपयांचा फरक पडला होता. शिवाय आम्ही सीमेवरचे लोक! बरीच वर्षं कर्नाटकात इंधन स्वस्त, म्हणून संकेश्वर-निपाणीला जाणाऱ्याने टाकी फुल्ल करूनच यायचं, हा घराघरातला नियम. मग ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलचे दर बाजारावर सोडले आणि फरक आटत गेला. १ एप्रिल २०२० ला बीएस सिक्स आलं. मारुतीने डिझेल बंद करून टाकलं, फोक्सवॅगन-स्कोडानेही. राष्ट्रीय इंजिन इतिहासजमा झालं. गडहिंग्लजकरांचं प्रेम मात्र तसंच राहिलं, आणि खरी गोष्ट इथून सुरू होते.

माझ्या चुलत्यांच्या घरात दोन डिझेल एसयूव्ही आहेत. कंपनी एक, मॉडेल एक, इंजिन एक, साल एक. (नाव विचारू नका, सांगणार नाही.) एक दादाची. तो टुरिस्ट गाडी चालवतो : पेशंटला घेऊन कोल्हापूर नाहीतर बेळगाव, सुट्टीत आंबोलीमार्गे गोवा. रोजचे दोनशे किलोमीटर कुठे गेले नाहीत. दुसरी ताईची. ताई बँकेत आहे. घर ते बँक तीन किलोमीटर, मध्ये मुलाची शाळा आणि येताना भाजी. दादाची गाडी आजवर एकदाही रस्त्यात थांबलेली नाही. ताईच्या गाडीत एका वर्षात तीनदा तो पिवळा दिवा लागला. तिसऱ्या वेळी गाडीने पिकअपच सोडला आणि ती चाळिसाच्या स्पीडने, मागून हॉर्न खात, घरी आली. घरात दोन तट पडले. काका म्हणाले, ताईची गाडी 'फॉल्टी पीस' आहे. दादा म्हणाला, ताई फॉल्टी आहे. त्यानंतर दोन दिवस त्याला जेवायला कोणी हाक मारली नाही.

दोघंही चुकीचे. बीएस सिक्समध्ये डिझेल गाडीने किलोमीटरला जास्तीत जास्त ४.५ मिलिग्रॅम कण बाहेर टाकायचे. आधीच्या बीएस फोरमध्ये हीच मर्यादा २५ मिलिग्रॅम होती. एवढी कपात करायची, तर सायलेन्सरच्या वाटेवर चाळणी बसवावी लागते. तीच डीपीएफ, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर. काजळी तिथे अडकते आणि चाळणी भरत आली की गाडी स्वतःच ती जाळून टाकते. त्यासाठी इंजिन थोडं जास्तीचं डिझेल सोडतं आणि फिल्टरचं तापमान सहाशे अंशांच्या घरात नेतं. याचं नाव रिजनरेशन. अट एकच : गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्या स्पीडने पळत राहिली पाहिजे. दादाच्या गाडीत हे संकेश्वर ते कोल्हापूर दरम्यान गुपचूप उरकतं, त्याला पत्ताही लागत नाही. ताईच्या गाडीत ते सुरू होतं तोवर शाळा येते. किल्ली बंद. संध्याकाळी पुन्हा सुरू, तोवर भाजीमंडई. पुन्हा बंद. तीन किलोमीटरमध्ये डिझेल इंजिन धड तापतसुद्धा नाही, काजळी काय जाळणार?

याहून वाईट गोष्ट दिसत नाही. असं रिजनरेशन अर्धवट राहिलं की जास्तीचं सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ताईच्या गाडीची डिपस्टिक मिस्त्रींनी काढली, तर ऑइल 'मॅक्स'च्या वर. आयुष्यभर ऑइल कमी होताना बघितलेला माणूस तो! वाढलेलं ऑइल बघून म्हणाले, "ही काय गाडी म्हणायची का म्हस? हिला पान्हा फुटलाय." आम्ही हसलो. पण पातळ झालेलं ऑइल म्हणजे मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारणाऱ्या टर्बोच्या बेअरिंगशी खेळ. फिल्टरचं निस्तरेल, टर्बो गेला तर हसू येणार नाही.

आता मला सांगा, यात ताईचं काय चुकलं? डीपीएफची माहिती मॅन्युअलमध्ये आहे, मान्य. पण मॅन्युअल वाचून गाडी घेतलेला माणूस मी अजून बघायचा आहे. शोरूममध्ये तिला कर्ज किती हवं ते विचारलं, सीट कव्हरचा रंग विचारला, नंबर फॅन्सी हवा का तेही विचारलं. 'तुम्ही रोज किती किलोमीटर चालवता?' एवढं एक वाक्य कोणी विचारलं नाही. दिवा लागल्यावर मात्र सर्व्हिस सेंटरला लगेच सुचलं, "मॅडम, तुमचा ड्रायव्हिंग पॅटर्न." दोनदा त्यांनी लॅपटॉप जोडून गाडी उभ्या उभ्या साफ केली. तिसऱ्या वेळी फिल्टर बदलण्याचं एस्टिमेट हातात ठेवलं : एक लाख दहा हजार. वॉरंटीत बसत नाही, कारण पुन्हा पॅटर्न. ज्या गाडीचे बारा हजार हप्ता अजून चार वर्षं जायचाय, तिच्यासाठी.

एक लाख दहा हजार ऐकलं की माणसाला वेगळेच मार्ग दिसू लागतात. दादाच्या ओळखीतून एक जण आला. शेजारच्या मोठ्या शहरातला, गळ्यात साखळी, हातात लॅपटॉप. म्हणाला, "तीस हजारात चाळणी काढतो, सॉफ्टवेअर मारतो, दिवा परत जन्मात लागायचा नाही. पिकअप वाढंल, अ‍ॅव्हरेज वाढंल." काका तयार. दादा तयार. ताईसुद्धा जवळजवळ तयार. खरं सांगायचं तर आकडा बघितल्यावर तिला नावं ठेवायची हिंमत माझ्यात नव्हती.

अडवलं कोणी? मिस्त्रींनी! मला वाटलं होतं, जुन्या वळणाचा माणूस, तो म्हणेल, फेका ते लचांड. पण ते उलटेच बोलले. "तीस वर्सं सायलेन्सरखाली झोपून काढलीत मी. खोकला ऐकतासा न्हवं माझा? ती चाळणी कुणीतरी इचार करूनच लावली असंल की." आणि वर, "शाळेम्होरं उभी करणार न्हवं ती गाडी?" ताईने त्या साखळीवाल्याला चहा पाजून परत पाठवलं.

मिस्त्रींना माहीत असायचं कारण नाही, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्येच डिझेलच्या धुराला कॅन्सरकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. कायद्याचं म्हणाल, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीत परवानगीशिवाय असा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. पकडतं कोण, हा प्रश्न वेगळा. आणि सॉफ्टवेअर मारून धूर लपवण्याचा फंडा त्या साखळीवाल्याने शोधलेला नाही. २०१५ मध्ये जगातली एक बलाढ्य कंपनी यातच सापडली. फोक्सवॅगनच्या गाड्या टेस्टमध्ये सभ्य आणि रस्त्यावर उनाड. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआयने त्या गाड्या रस्त्यावर तपासल्या आणि त्या वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीने भारतातल्या ३ लाख २३ हजार ७०० गाड्या परत बोलावण्याचं जाहीर केलं. त्याआधी, २०१३ मध्ये, जनरल मोटर्सला उत्सर्जनाच्याच भानगडीत १ लाख १४ हजार टवेरा परत बोलवाव्या लागल्या होत्या. जर्मन इंजिनिअर ते साखळीवाला, सगळ्यांना शॉर्टकट प्यारा.

मग उपाय? ताईचा उपाय सध्या असा. दर रविवारी सकाळी आई-बाबांना गाडीत घालायचं, संकेश्वरला हायवेला लागायचं, चौथ्या गिअरमध्ये इंजिन जरा वर फिरवत निपाणी गाठायची, नाश्ता करायचा आणि परत. घरात याला 'काजळी उतरवायला जाणं' म्हणतात. काकू तर आता शेजाऱ्यांना "रविवारी जमायचं नाही, आमची काजळी असते" असं सांगतात. मध्येच कूलिंग फॅन जोरात फिरायला लागला, आयडलिंग थोडं वाढलं, मीटरमधलं अ‍ॅव्हरेज अचानक पडलं, की ताई ओळखते, रिजनरेशन सुरू आहे. अशा वेळी ती बँकेच्या दारातून गाडी तशीच पुढे काढते आणि कडगाव रोडला दोन फेऱ्या मारून येते. मस्टरवर लेटमार्क पडतो तो पडतो. ऑइल कंपनीच्या मुदतीच्या आधी बदलते, तेही डीपीएफला चालणारं, कमी राखेचंच. काजळी जळते पण ऑइलची राख जळत नाही, ती चाळणीत कायमची बसते. हे तिला मिस्त्रींनी नाही, तिने मिस्त्रींना सांगितलं!

आणि हिंजवडीवाल्यांनो, खराडीवाल्यांनो, हसू नका. नऊ किलोमीटरला सव्वा तास लावणारी तुमची गाडी आणि ताईची गाडी यांत फरक फक्त पार्किंगच्या भाड्याचा आहे. त्यातून तीन दिवस वर्क फ्रॉम होम, म्हणजे गाडी बेसमेंटमध्ये. तुम्ही डिझेल घेतली असेल ती रिसेलसाठी, वर्षातून दोनदा कोकणात जाण्यासाठी किंवा बॅचमधल्या सगळ्यांकडे एसयूव्ही आहे म्हणून. गाडीला यातलं काही कळत नाही. तिला रोज पळायचं असतं. दादासारख्याने आजही डोळे झाकून डिझेल घ्यावी, त्याच्या धंद्याला तिच्याइतकी भरवशाची सोबत नाही. आठवड्याला ऐंशी किलोमीटर चालवणाऱ्याने पेट्रोल घ्यावी आणि गडहिंग्लजचं "असूदे, असूदे" हसत ऐकून घ्यावं. तसंही पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, म्हणजे ते आमच्याच उसाचं असायची शक्यता आहे.

नव्या गाडीत यूरियावालं, म्हणजे डीईएफवालं, इंजिन असेल तर अजून एक टाकी सांभाळायची. ती पूर्ण रिकामी झाली तर वॉर्निंग देऊन देऊन शेवटी गाडी पुन्हा स्टार्टच होत नाही. हायवेच्या पंपांवर बादल्या मिळतात. भरताना ते डिझेलच्या टाकीत जाणार नाही एवढं बघा.

ताईच्या गाडीचा दिवा दिवाळीपासून लागलेला नाही. वॉरंटी मार्चमध्ये संपतेय. एक्स्टेंडेड वॉरंटीचा फॉर्म तिने भरायला घेतला आणि यात डीपीएफ कव्हर होतो का, हे लेखी द्या म्हणून ई-मेल टाकला. "चेक करून कळवतो, मॅडम" असं उत्तर आलंय. त्याला आता तीन आठवडे झाले. दर सोमवारी लंचमध्ये ती तोच मेल परत फॉरवर्ड करते, आणि आता सीसीमध्ये बँकेच्या लीगल सेलमधली मैत्रीणही असते.